शेवटचं दार बंद होताना: ‘लेव्हायथन फॉल्स’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द एक्स्पान्स’ या मालिकेचा नववा आणि शेवटचा भाग, ‘लेव्हायथन फॉल्स’, नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस आला. मी तो दोनदा वाचला आणि भेटेल त्याला वाचायला लावला. त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात: मुलाच्या मित्रांचे, वाचनालयातल्या मंडळींचे, नात्यातल्या दोन भाच्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीची उत्तरं कुणीही वाचावीत. ज्या ओळीपासून शेवट उघड होतो, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. कादंबरी वाचायची असेल तर कृपा करून त्या ओळीशी थांबा.

ही मालिका आहे तरी कशाबद्दल?

माणूस मंगळावर, लघुग्रहांच्या पट्ट्यात, गुरू-शनीच्या चंद्रांवर राहायला गेला आहे, आणि पाणी, हवा नि सत्ता यांवरून तिथेही भांडतो आहे. शनीच्या कड्यांमधला बर्फ वाहून नेणारं एक जहाज कुणीतरी उडवतं. त्यातून वाचलेल्यांपैकी चार माणसं, होल्डन, नेओमी, एमॉस आणि अ‍ॅलेक्स, एका मंगळी युद्धनौकेवर येऊन पडतात आणि तिचं नाव ‘रोसिनांटे’ ठेवतात. पुढे प्रोटोमॉलिक्युल नावाची परकी वस्तू सापडते, तिच्यातून एक कडं तयार होतं आणि त्या कड्यातून तेराशेहून जास्त सूर्यमालांची दारं उघडतात. ती दारं बांधणारे कधीच मरून गेलेले असतात. त्यांना कुणी मारलं, हा प्रश्न शेवटच्या भागापर्यंत डोक्यावर टांगलेला राहतो.

आधीचे आठ भाग न वाचता नववा वाचला तर चालेल का?

नाही. कथा समजेलही कदाचित, पण या भागाचं सगळं वजन आधीच्या पानांमध्ये आहे.

मी टीव्हीवरची मालिका पूर्ण पाहिली आहे. थेट सातव्या भागापासून सुरू करू का?

करता येईल. टीव्हीवरचे सहा सीझन साधारण पहिल्या सहा कादंबऱ्यांपाशी संपतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. टीव्हीवर अ‍ॅलेक्सचा मृत्यू दाखवला आहे. कादंबऱ्यांत तो जिवंत आहे आणि शेवटच्या भागात त्याच्यावाचून पान हलत नाही. दुसरं म्हणजे सहाव्या आणि सातव्या भागांमध्ये सुमारे तीस वर्षं जातात. सातवा, ‘पर्सेपोलिस रायझिंग’, उघडला की ओळखीच्या माणसांचे केस पिकलेले असतात, गुडघे दुखत असतात. टीव्हीवरून थेट उडी मारली तर हा धक्का जास्त बसतो. वेळ असेल तर पहिल्यापासूनच वाचा. टीव्हीवर माणसांचे चेहरे मिळतात, त्यांच्या मनात काय चाललंय ते कादंबरीतच कळतं.

मधल्या लघुकादंबऱ्या वाचायलाच हव्यात का?

एक हवीच: ‘स्ट्रेंज डॉग्ज’. लकोनिया नावाच्या ग्रहावर एका लहान मुलीचा, काराचा, भाऊ मरतो आणि तिथले विचित्र प्राणी त्याला दुरुस्त करून परत देतात. टीव्हीच्या सहाव्या सीझनमध्ये प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हीच गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी येते. नवव्या भागात कारा आणि तिचा भाऊ झान मध्यवर्ती आहेत. ती गोष्ट ठाऊक नसेल तर ती दोघं नुसती प्रयोगशाळेतली पात्रं वाटतील. बाकीच्या सवडीने वाचा. सगळ्या ‘मेमरीज लीजन’ या २०२२ च्या संग्रहात एकत्र मिळतात.

जेम्स एस. ए. कोरी नावाचा माणूसच नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे. डॅनियल एब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं ते टोपणनाव. ‘जेम्स’ हे एब्राहम यांचं मधलं नाव, ‘कोरी’ हे फ्रँक यांचं, आणि ‘एस. ए.’ ही एब्राहम यांच्या मुलीची आद्याक्षरं. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपलीच आद्याक्षरं उलटी करून ना. वि. जगताप या नावाने कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं, त्याची मला इथे आठवण होते. कोरींच्या बाबतीत दोघांनी प्रकरणं वाटून घेऊन लिहायची आणि एकमेकांची तपासायची, अशी पद्धत होती. नऊ जाडजूड भाग वाचूनही सांधा कुठे दिसत नाही, हे मला फार मोठं काम वाटतं.

इंग्रजी अवघड आहे का?

वाक्यं सरळ आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ते कुणाच्या नजरेतून आहे त्याचं नाव असतं, त्यामुळे धागा सुटत नाही. पट्ट्यातल्या लोकांची सरमिसळ बोली सुरुवातीला अडवते, पण पन्नासेक पानांत कान सरावतो. ऐकायची सवय असेल तर जेफरसन मेज यांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं आहेत. माझ्या भाच्याने सगळी मालिका ऑफिसच्या बसमध्ये ऐकूनच संपवली.

यातलं विज्ञान किती खरं? की नुसती तलवारबाजी अंतराळात नेली आहे?

‘स्पेस ऑपेरा’ हा शब्दच १९४१ साली हिणवण्यासाठी निघाला होता, तेव्हा शंका रास्त आहे. पण या मालिकेने एका बाबतीत कधी कसूर केली नाही, आणि ती बाब म्हणजे अंतर.

इथल्या जहाजांत बटण दाबून गुरुत्वाकर्षण येत नाही. इंजिन जळत असतं तोवर जहाजाचा वेग वाढत राहतो आणि त्या रेट्यामुळेच पाय जमिनीला टेकतात. म्हणून जहाज आतून इमारतीसारखं, मजल्यावर मजला असं बांधलेलं असतं. अर्ध्या वाटेवर ते उलटं फिरवायचं आणि तेवढाच काळ वेग मारत जायचा. इंजिन थांबलं की माणसं तरंगतात. जोरात पळायचं असेल तर अंगावर अनेक पट वजन येतं. रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून औषधं टोचून घ्यावी लागतात आणि तरीही कुणीतरी दगावतं. इतकं इंधन पुरवून वापरणारं इंजिन आज अस्तित्वात नाही, तेवढी सूट लेखकांनी घेतली आहे. निरोपाच्या वेगाला मात्र सूट नाही. पृथ्वीवरून मंगळाला संदेश पोचायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, तशीच ती इथेही लागतात. बायको नवऱ्याशी बोलते तेव्हा आपलं सगळं बोलून घेते आणि मग वाट पाहत बसते.

मला हे इतकं तपशिलात सांगावंसं वाटतं, कारण शेवटच्या भागाचा घाव इथूनच बसतो. नऊ भाग अंतर मोजून दाखवलं नसतं, तर शेवटी ते अंतर कायमचं होतं तेव्हा काहीच वाटलं नसतं.

शेवटच्या भागाचं परीक्षण वेगळ्या मापाने करावं का?

करावं असं माझं ठाम मत आहे. सुटी कादंबरी आपल्या पायावर उभी राहिली की झालं. शेवटच्या भागाच्या डोक्यावर मात्र आठ पुस्तकांची उधारी असते. मी परीक्षण लिहायला बसलो तेव्हा पहिला भाग, २०११ चा ‘लेव्हायथन वेक्स’, पुन्हा काढला आणि त्यात वाचकाकडून काय काय उसनं घेतलं आहे ते एका वहीत उतरवलं. होल्डनची खोड पहिल्याच भागात दिसते: कळलेली गोष्ट तो सगळ्या जगाला ओरडून सांगतो आणि लोकांनी ठरवावं म्हणतो. त्यातून युद्ध पेटतं. पोलिसातला मिलर त्याच्या उलट. माणसांना खरं सांगून उपयोग नाही, त्यांच्या वतीने आपणच निर्णय घ्यावा, असं त्याला वाटतं. या दोघांचं भांडण पहिल्या पुस्तकात मिटत नाही.

माझ्या वहीत पहिल्या ओळीवर हेच होतं: माणसांवर विश्वास टाकायचा, की त्यांच्या भल्यासाठी त्यांच्या हातून निर्णय काढून घ्यायचा? ‘लेव्हायथन फॉल्स’ या प्रश्नाला भिडतं. राजकारण, लढाया, परक्यांचं गूढ, सगळं त्या एका प्रश्नाच्या सेवेत लावलं आहे.

मग तुमचं मत काय?

मालिकेतला सर्वांत थरारक भाग आठवा, सर्वांत नेटका पाचवा, आणि सर्वांत धाडसी नववा. सुरुवातीची दीडशे पानं पाठलागात जातात आणि त्यातला काही भाग लांबला आहे. मधे वेग मंदावतो. शेवटची शंभर पानं मी एका बैठकीत वाचली, रात्री दोन वाजता पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

इथून पुढे शेवट उघड केला आहे. कादंबरी वाचली नसेल तर इथेच थांबा.

दुआर्ते खलनायक आहे का?

विन्स्टन दुआर्ते हा मंगळाच्या नौदलातून फुटून निघालेला आणि लकोनियाचा सम्राट झालेला माणूस. आठव्या भागात त्याचं मन विस्कटतं. नवव्यात तो जागा होतो, पण पूर्वीचा माणूस म्हणून नाही. त्याला दिसतं की दारं बांधणाऱ्यांना मारणारे आता माणसाच्या मागे लागले आहेत. ते निसर्गनियमच चाचपून पाहतात, बदलून पाहतात. सॅन एस्तेबान नावाच्या सूर्यमालेतली सगळी माणसं एका फटक्यात मरतात. त्यावर दुआर्तेचा उपाय असा: सगळ्या माणसांची मनं जोडून एकच मन करायचं आणि त्या मनाने लढायचं.

आणि त्याचा उपाय लागू पडतो! कादंबरीचा प्रामाणिकपणा मला इथे दिसतो. लेखकांनी त्याला वेडा ठरवून सुटका करून घेतलेली नाही. त्याच्या वाटेने गेलं तर माणूसजात वाचू शकते, एकटेपणा संपतो, भांडणं संपतात. फक्त ‘मी’ म्हणणारं कुणी उरत नाही. बाप म्हणूनही तो खोटा नाही, आपल्या लेकीवर, टेरेसावर, त्याचं खरंच प्रेम आहे. तरी तिचं मन तिला ठेवू देणं त्याला जमत नाही. मी त्याला खलनायक म्हणणार नाही. ज्याला कुणावर काहीच सोपवता येत नाही असा तो माणूस आहे.

तनाकाची एवढी प्रकरणं कशाला?

मलाही पहिल्या वाचनात हा प्रश्न पडला होता. कर्नल अलियाना तनाका क्रूर आहे, आपल्याच माणसांना तुडवून जाते, आणि शेवटच्या भागात नव्या पात्राला एवढी जागा द्यावी का, अशी कुरकूर मी अनेकांकडून ऐकली. दुसऱ्या वाचनात मत बदललं.

तनाकाने आयुष्यभर एक गोष्ट जपली आहे: आपलं खाजगीपण. वर्दीच्या आत तिचं एक गुप्त आयुष्य आहे आणि तिथे ती कुणाला पाऊल ठेवू देत नाही. मग दुसऱ्या माणसांच्या आठवणी तिच्या डोक्यात झिरपू लागतात. कुणाच्या तरी संसाराची, कुणाच्या तरी मुलाची आठवण तिला स्वतःची म्हणून आठवते. ते थोपवायला ती औषधं घेते आणि हळूहळू औषधं कमी पडू लागतात. एकच मन होण्याची भीती दाखवायला होल्डनसारखा मनमिळाऊ माणूस उपयोगाचा नव्हता. ज्या व्यक्तीशी आपलं एक मिनिट पटणार नाही, तिचंही मन तिचंच राहिलं पाहिजे, हे वाचकाला पटवायचं होतं. तनाका आवडत नाही आणि तरी तिच्या डोक्यात घुसणं अत्याचार वाटतो, तिथे लेखक जिंकले.

‘स्वप्न पाहणारी’ ती प्रकरणं मी गाळली. काही बिघडलं का?

थोडं. त्या छोट्या प्रकरणांमध्ये कारा एका गुरू ग्रहाएवढ्या हिरव्या हिऱ्यात साठवलेल्या स्मृती पाहते. बर्फाखालच्या थंड, अंधाऱ्या समुद्रात सुरू झालेलं जीवन, प्रकाशाने बोलायला शिकलेलं. भाषा मुद्दाम तुटक आणि मंत्रासारखी आहे. डोळ्यांनी वाचली तर दमवते. मी मोठ्याने वाचली तेव्हा उलगडली. दारं बांधणारे आपल्यासारखे ‘लोक’ कधीच नव्हते, सुरुवातीपासून ते एकच होते, हे तिथेच कळतं. त्यांची अवजारं माणसाच्या हातात आली की ती माणसालाही तसंच करू पाहणार.

एल्वी ओकोये चुकते का?

एल्वी ही काराला त्या हिऱ्यात पाठवणारी शास्त्रज्ञ. चुकते, आणि तिला ते कळत असतं. कारा प्रत्येक वेळी त्या हिऱ्यातून बाहेर येते ती परत जाण्यासाठी आसुसलेली. व्यसन लागलेल्या माणसाचीच तऱ्हा. एल्वीचा नवरा फायेझ तिला हे सांगतो. सगळी माणूसजात पणाला लागलेली असताना एका मुलीची सोसण्याची हद्द कुठे धरायची? एल्वी स्वतःला कारणं देत राहते आणि प्रत्येक कारण बरोबर असतं. संशोधनात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने ही प्रकरणं वाचून पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

होल्डनने शेवटी केलं ते बरोबर होतं का?

तो स्वतःच्या अंगात प्रोटोमॉलिक्युल टोचून घेतो. ज्या वस्तूला तो पहिल्या भागापासून सर्वांत जास्त घाबरत आला, तीच. लकोनियाच्या कैदेतून परतलेला हा होल्डन आधीच खचलेला आहे. त्याचे हात थरथरतात, झोप उडालेली आहे. तरी तो सगळ्या दारांच्या मधोमध असलेल्या परक्या केंद्रात शिरतो आणि तिथे मिलर त्याला पुन्हा भेटतो. पहिल्या पुस्तकातले दोन भांडखोर शेवटी एकाच डोक्यात बसून बोलतात. माझ्या वहीतली पहिली ओळ मी इथे खोडली.

दुआर्तेकडची सत्ता होल्डनच्या हातात येते. सगळी माणसं, सगळी मनं. तो ती सोडून देतो. जहाजांना बाहेर पडायला लागेल तेवढा वेळ हल्ला थोपवून धरतो आणि मग दारांचं सगळं जाळं मोडून टाकतो, स्वतःसकट. तेराशेहून जास्त सूर्यमाला एकमेकींपासून तुटतात.

बरोबर की चूक? सूर्याला सर्वांत जवळचा तारासुद्धा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. काही वसाहती स्वतःचं अन्नही पिकवू शकत नव्हत्या, त्या मेल्या असणार. आणि हा निर्णय होल्डनने कुणालाही न विचारता घेतला. आयुष्यभर ‘लोकांना ठरवू द्या’ म्हणणारा माणूस शेवटी सर्वांच्या वतीने एकटा ठरवतो. हा विरोध कादंबरी लपवत नाही आणि मीही त्याला बरोबर म्हणून मोकळा होणार नाही. दोन्ही वाटा वाईट होत्या. त्याने निवडलेल्या वाटेवर निदान पुढचं ठरवायला माणसं माणसं म्हणून उरली.

अ‍ॅलेक्स सगळ्यांना सोडून का गेला?

दारं बंद व्हायच्या आत प्रत्येकाला ठरवायचं असतं की कायमचं कुठल्या बाजूला राहायचं. अ‍ॅलेक्सचा मुलगा किट दुसऱ्या सूर्यमालेत, न्यूवेस्टॅडला, बायको-बाळासह गेलेला असतो. नेओमी, एमॉस आणि टेरेसा सूर्याकडे परततात. अ‍ॅलेक्स एकटा रोसिनांटे घेऊन मुलाच्या दिशेने निघतो.

माझा मुलगा मेलबर्नला असतो. मालिकेचा पहिला भाग त्यानेच मला दिला, विमानतळावर, जाताना. आमच्या दोघांत फोन आहे, विमान आहे, वर्षाकाठी तीन आठवडे आहेत. अ‍ॅलेक्सजवळ काही मिनिटं होती. ज्या माणसांबरोबर तो चाळीसेक वर्षं एका जहाजात जेवला, त्यांना तो सोडतो आणि धड निरोप घ्यायलाही वेळ नसतो. ‘त्याने दगा दिला’ असं मला एका तरुण वाचकाने सांगितलं. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

एमॉस अजून एमॉसच आहे का?

आठव्या भागात तो मरतो आणि लकोनियाचे ते प्राणी त्याला परत उभं करतात. डोळे पूर्ण काळे, कातडी राखी. तो बदलला आहे का, हे मी त्याच्या वागण्यात शोधत राहिलो. टेरेसाची म्हातारी होत चाललेली कुत्री, मस्क्रॅट, जहाजावर आहे. जोराच्या प्रवासात तिला दुखापत होऊ नये याची सोय एमॉस करतो, मोठ्या निगुतीने, जणू इंजिनाइतकंच ते महत्त्वाचं काम. मला माझं उत्तर तिथे मिळालं. हजार वर्षांनंतर दुसऱ्या सूर्यमालेतली माणसं स्वतःच्या बळावर ताऱ्यांमधलं अंतर कापून पृथ्वीवर येतात, तेव्हा त्यांच्यापुढे तोच उभा असतो.

दारं बांधणाऱ्यांना मारणाऱ्या त्या काळ्या शत्रूंबद्दल काहीच का सांगितलं नाही?

कारण ते कळण्यासारखे नाहीत. दारांमुळे त्यांना काहीतरी इजा होते आणि ते प्रतिकार करतात, एवढंच आपल्याला समजतं. अनेकांना हे अपुरं वाटतं. मला पटलं. चेहरा दिला असता तर तह झाला असता, आणि शेवट स्वस्त झाला असता.

अवसरला शिवाय मालिका पुरी होते का?

तिची उणीव जाणवते. क्रिसजेन अवसरला, भारतीय वंशाची, साडी नेसणारी, पिस्ते खाणारी, तोंडाने फटकळ आजी, पृथ्वीचं राजकारण एका हाताने चालवते. ती आठव्या भागाच्या पहिल्याच वाक्यात मेलेली असते. नवव्यात तिच्यासारखं तिखट बोलणारं कुणी नाही आणि पुस्तक त्यामुळे जास्त गंभीर होतं. आधीच्या भागांतल्या बॉबी आणि क्लॅरिसाही नाहीत. लेखकांनी कुणालाही शेवटच्या फोटोपुरतं परत आणलं नाही.

नेओमीच्या मुलाचं, फिलिपचं काय झालं?

हीच माझी सर्वांत मोठी तक्रार होती. सहाव्या भागात तो बापाची साथ सोडून नाव बदलून निघून जातो, नेओमीला तो मेला असं वाटतं, आणि पुढच्या तिन्ही कादंबऱ्यांत त्याचा पत्ता नाही. शेवटच्या पानापर्यंत मी वाट पाहिली. नंतर मार्च २०२२ मध्ये ‘द सिन्स ऑफ अवर फादर्स’ ही छोटी गोष्ट आली. दारं बंद झाल्यानंतरची एक वसाहत, आणि तिथे म्हातारपणाकडे झुकलेला फिलिप. आईला ते कधीच कळणार नाही, मधे प्रकाशवर्षं आहेत. नववा भाग संपला की दोन दिवस जाऊ द्या आणि मग ती वाचा. माझ्या वहीतली शेवटची ओळ तिने खोडली.